नव्याचे नऊ सामने

कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे दोन मोसम असतात हे नागपूरच्या पोट्ट्याला वेगळं सांगावं लागत नाही. दिवाळीच्या आसपास आंबिया बहार यायला लागतो, जरा आंबटगोड. मग मधे थोडी उसंत. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहार, जास्त गोड आणि जास्त भाव खाणारा. रणजी करंडकाचंही २०२४-२५ मध्ये अगदी असंच झालं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अर्धी स्पर्धा, मग टी-ट्वेंटी आणि वन-डेसाठी ब्रेक, आणि जानेवारीच्या शेवटी उरलेले सामने. आंबियात सुरू झालेली रणजी मृगात संपली.

त्या एका मोसमात आपल्या गावचा २१ वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदा रणजी खेळला आणि त्याच मोसमाच्या फायनलमध्ये प्लेअर ऑफ द मॅच ठरला. दानिश मालेवार. तुमच्यापैकी बरेच जण २१ व्या वर्षी फायनल इयरच्या बॅकलॉगची काळजी करत असतील (करा, तीही करायलाच हवी), त्या वयात या मुलाने ९ सामन्यांत ७८३ धावा काढल्या. सरासरी ५२.२०. दोन शतकं, सहा अर्धशतकं.

आपल्याकडे म्हणतात, नव्याचे नऊ दिवस. दानिशचे नऊ सामने झाले. आता पुढे काय? त्याच्या आधी ज्यांचं पहिलं वर्ष असंच गाजलं, त्यांचं पुढे काय झालं? या पानावर आज तेच बघू या. कारण पहिल्या वर्षाचा फोटो सगळेच शेअर करतात, दुसऱ्या वर्षाबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

२४ वर ३

आधी ती फायनल. २६ फेब्रुवारी २०२५, जामठा. समोर केरळ, जो आयुष्यात पहिल्यांदा रणजीच्या फायनलला आलेला. टॉस केरळने जिंकला आणि बॉलिंग घेतली. पहिल्याच ओव्हरमध्ये पार्थ रेखडे शून्यावर गेला. तिसऱ्या नंबरवर विदर्भाने दर्शन नळकांडेला पाठवलं, मूळचा बॉलर. तोही गेला. मग ध्रुव शोरी. विदर्भ ३ बाद २४. घरचं मैदान, घरचे लोक, आणि स्कोअरबोर्ड बघवत नाही.

क्रीजवर दानिश, समोर करुण नायर. दोघांनी मिळून २१५ धावांची भागीदारी केली. करुण ८६ वर रनआऊट झाला. दिवस संपला तेव्हा दानिश १३८ वर नाबाद होता. दुसऱ्या दिवशी १५३ वर तो बोल्ड झाला आणि विदर्भाचा डाव ३७९ वर आटोपला. केरळने जीव तोडून पाठलाग केला, पण ३४२ वर अडकले. ३७ धावांची आघाडी. रणजीची फायनल अनिर्णित राहिली तर पहिल्या डावात ज्याची आघाडी, त्याचा करंडक. त्यामुळे ३७ हा आकडा विदर्भात पुढची काही वर्षं तरी कोणी विसरणार नाही.

दुसऱ्या डावात काय झालं माहितीये? पुन्हा तेच. ७ धावांवर २ विकेट. पुन्हा दानिश आणि करुण. दानिश ७३, करुण १३५. सामना केरळच्या हातून गेला तो इथे.

नवख्या खेळाडूच्या शतकाची बातमी करताना आपण एक गोष्ट विसरतो. समोरच्या एंडला कोण होतं? करुण नायर स्वतः एकेकाळी असाच गाजलेला नवखा होता. २०१३-१४ मध्ये कर्नाटककडून तो पहिला रणजी मोसम खेळला, लागोपाठ शतकं ठोकली आणि कर्नाटकने करंडक नेला. पुढच्याच वर्षीच्या फायनलमध्ये त्याने तमिळनाडूविरुद्ध ३२८ काढले. डिसेंबर २०१६ मध्ये, आपल्या तिसऱ्याच टेस्टमध्ये, चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३. वीरेंद्र सेहवागनंतर टेस्टमध्ये ट्रिपल सेंच्युरी करणारा दुसरा भारतीय. आणि त्यानंतर? २०१७ संपायच्या आत तो टीमबाहेर. पुढे कर्नाटकच्या टीममधूनही गेला. २०२२ मध्ये त्याने सोशल मीडियावर उघडपणे क्रिकेटकडेच आणखी एक संधी मागितली. ती संधी त्याला विदर्भाने दिली. आपल्यात आल्यावर २०२४-२५ मध्ये त्याने रणजीत ८६३ धावा केल्या आणि जून २०२५ मध्ये, आठ वर्षांनी, तो पुन्हा भारताकडून टेस्ट खेळला.

म्हणजे ३ बाद २४ असताना एका बाजूला पहिलं वर्ष उभं होतं आणि दुसऱ्या बाजूला पहिल्या वर्षानंतरचं सगळं काही भोगून आलेला माणूस. दोघं ओव्हरच्या मधे काय बोलले असतील, ते ऐकायला मला तरी जामठ्याच्या सगळ्यात महागड्या तिकिटापेक्षा जास्त पैसे द्यायला आवडलं असतं.

त्या मोसमात विदर्भाकडून गाजलेला नवखा काही एकटा दानिश नव्हता. सेमीफायनल आठवा. समोर मुंबई, गतविजेती, टीम बघून घाम फुटावा अशी. फायनलला पहिल्याच ओव्हरमध्ये शून्यावर गेलेला तो पार्थ रेखडे, डावखुरा स्पिनर, त्याचाही हा पहिलाच मोसम. त्याने एकाच ओव्हरमध्ये अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना घरी पाठवलं. सूर्या आणि दुबे दोघंही शून्यावर. एका ओव्हरमध्ये तीन इंटरनॅशनल खेळाडू! विदर्भाने तो सामना ८० धावांनी जिंकला.

(हर्ष दुबेला या यादीत घेतलं नाही म्हणून रागावू नका. त्याने त्या मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा एका मोसमातला विक्रम मोडला, पण त्याचं पदार्पण आधीच झालं होतं. यश राठोडने ९६० धावा केल्या, तोही नवखा नव्हता.)

फायनलमध्येच पदार्पण

विदर्भ रणजी खेळायला लागला १९५७-५८ मध्ये. पहिल्यांदा फायनल खेळला २०१७-१८ मध्ये. मधे साठ वर्षं. माझ्या आजोबांच्या पिढीने विदर्भाच्या रणजीबद्दल फक्त एकच प्रश्न विचारला असेल: किती रनांनी हरलो?

इंदूरच्या होळकर स्टेडियमवरच्या त्या फायनलमध्ये विदर्भाने काय केलं ते बघा. समोर दिल्ली. आणि विदर्भाने पदार्पणाला उतरवला आदित्य ठाकरे, अकोल्याचा, वय १९. ज्याने आयुष्यात एकही फर्स्ट क्लास सामना खेळला नाही, त्याला थेट फायनलमध्ये नवा चेंडू! चंद्रकांत पंडित कोच होते. त्यांच्याबद्दल कोणी काहीही म्हणो, असा निर्णय घ्यायला काळीज लागतं. त्याच हिवाळ्यात आदित्यला न्यूझीलंडमध्ये चालू असलेल्या अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कपसाठी भारताच्या संघात बोलावणं आलं.

त्या सामन्यातली सगळ्यांच्या लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे रजनीश गुरबानीची हॅटट्रिक. रणजी फायनलच्या इतिहासातली फक्त दुसरी, पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमने १९७२-७३ मध्ये घेतली होती. गुरबानी शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. त्याचा तो दुसरा मोसम होता. दुसऱ्या वर्षी खेळाडू घसरतो या नियमाला त्याने ३९ बळी घेऊन उत्तर दिलं. तिन्ही बळी बोल्ड, आणि तिसरा कोण? ध्रुव शोरी, त्या डावात दिल्लीकडून १४५ काढलेला. हाच शोरी पुढे विदर्भाकडून खेळायला आला आणि २०२५ च्या फायनलमध्ये आपल्याकडून ओपनर होता. उलट, २०१८-१९ च्या फायनलमध्ये सौराष्ट्राविरुद्ध ११ बळी घेणारा आपला आदित्य सरवटे २०२५ मध्ये केरळकडून खेळत होता, आणि त्याने विदर्भाविरुद्ध ७९ धावा काढून आपल्या पोटात गोळा आणला. आता खेळाडू संघ बदलतात. त्याचा राग धरायचा नाही, पण थोडं वाईट वाटणारच.

पण इंदूरची माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची खेळी अक्षय वाडकरची. विकेटकीपर, त्याचाही पहिलाच फर्स्ट क्लास मोसम. दिल्लीच्या २९५ ला उत्तर देताना विदर्भाने ५४७ काढले, त्यात अक्षयच्या १३३. त्याचं पहिलं फर्स्ट क्लास शतक, आणि रणजी फायनलमध्ये विदर्भाच्या कुठल्याही बॅट्समनचं पहिलं. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ जिंकला, नऊ गडी राखून.

सात वर्षांनी, जामठ्याला दानिशने फायनलमध्ये शतक केलं तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये कॅप्टन म्हणून बसला होता तोच अक्षय वाडकर. पहिल्या मोसमात फायनलला शतक केल्यावर डोक्यात काय होतं, हे त्या मुलाला सांगू शकेल असा माणूस त्याच खोलीत होता.

वलनीचा पोट्टा

या सगळ्याच्या आधी एक पहिलं वर्ष झालं होतं, आणि ते झालं नसतं तर बाकीचं कदाचित इतक्या लवकर झालं नसतं.

खापरखेड्याजवळ वलनी. कोळशाच्या खाणीची कॉलनी. उमेश यादवचे वडील खाणीत कामाला. उमेशला हवी होती नोकरी, वर्दीची. सैन्यात प्रयत्न केला, जमलं नाही. पोलीस कॉन्स्टेबलची भरती दिली, थोडक्यात गेली. मग क्रिकेट. तेही टेनिस बॉलचं. कळमना, पारडी, भरतवाडा, कामठी, या पट्ट्यातल्या कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर रविवारी जे क्रिकेट दिसतं ना, तेच. लेदर बॉल त्याच्या हाताला लागला तो विसाव्या वर्षाच्या आसपास, विदर्भ जिमखान्याकडून खेळताना. विचार करा, ज्या वयात बाकीचे बॉलर अंडर-फोर्टीन, सिक्स्टीन, नाइन्टीन अशा पायऱ्या चढून आलेले असतात, त्या वयात हा शिवण असलेला चेंडू धरायचा कसा ते शिकत होता. त्या वेळचा विदर्भाचा कॅप्टन प्रीतम गंधे, त्याने हा वेग बघितला आणि उमेशला पुढे ढकललं.

नोव्हेंबर २००८. मध्य प्रदेशविरुद्ध उमेशने रणजी पदार्पण केलं. त्या मोसमात चार सामने खेळला, २० बळी, सरासरी १४.६०. म्हणजे साधारण दर १५ धावांमागे एक विकेट. वय? २१. दानिशचंच.

मे २०१० मध्ये तो भारताकडून वन-डे खेळला. नोव्हेंबर २०११ मध्ये टेस्ट, दिल्लीला, वेस्ट इंडिजविरुद्ध. विदर्भाकडून खेळून टेस्ट क्रिकेटपर्यंत पोहोचलेला तो पहिला. पुढे ५७ टेस्ट, १७० बळी. पण माझ्या दृष्टीने मोठा आकडा १४.६० हाच आहे. कारण त्यानंतर विदर्भातल्या निवड समित्यांना, प्रशिक्षकांना आणि मुख्य म्हणजे आईबापांना एक गोष्ट पटली: आपल्या गल्लीतून तिथपर्यंत रस्ता आहे.

रस्ता आहे म्हणजे सोपा आहे असं नव्हे. टेनिस बॉलमध्ये १४० च्या स्पीडने टाकल्यासारखं वाटणारा पोट्टा लेदर बॉल हातात आल्यावर अर्ध्या तासात खांदा धरून बसतो. टेनिस बॉल हलका, त्याला शिवण नाही, टप्पा पडल्यावर तो वर उडतो. लेदर बॉल जड, मनगट आणि शिवण यांचं गणित जमलं तरच हलतो. बॅट्समनचंही तसंच. टेनिस बॉलवर क्रॉस मारायची सवय लागली की सरळ बॅटने खेळायला शिकणं म्हणजे नव्याने चालायला शिकणं. आणि किटचा खर्च वेगळा. नागपुरात त्यासाठी पहिली खरी पायरी म्हणजे क्लब आणि गुजदर लीग. तिथे दिसलात, तर पुढचं दार उघडतं.

आणि पैशाचंही बोलून टाकू, कारण घरी पहिला प्रश्न तोच येतो. रणजीत २० सामन्यांपर्यंतचा अनुभव असलेल्या आणि अंतिम अकरात खेळणाऱ्या खेळाडूला दिवसाला ४० हजार रुपये मिळतात. चार दिवसांच्या एका सामन्याचे १ लाख ६० हजार. पुढे २१ ते ४० सामने झाले की दिवसाला ५० हजार, त्याहून जास्त झाले की ६० हजार. बाहेर बसलेल्याला त्याच्या निम्मे. आयपीएलच्या बोलीपुढे हे काहीच नाही असं वाटेल. पण पहिल्या वर्षी पूर्ण मोसम खेळलेला मुलगा घरी जे नेतो, ते बऱ्याच घरांत आधी कोणी वर्षभरात आणलेलं नसतं. पहिलं वर्ष गाजणं आणि नुसतं बेंचवर बसणं, यातला फरक म्हणजे काही घरांत धाकट्या बहिणीची फी.

ज्यांचं पुढे वेगळंच झालं

मुंबईकडे वळू या, तिथे अशा गोष्टींचा साठाच आहे.

अमोल मुझुमदार. १९९३-९४ चा मोसम, हरियाणाविरुद्ध पदार्पण, वय १९. पहिल्याच डावात २६०. फर्स्ट क्लास पदार्पणातला तो जागतिक विक्रम होता आणि तो चोवीस-पंचवीस वर्षं टिकला. डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने नाबाद २६७ करून तो मोडला, आणि २०२२ मध्ये बिहारच्या साकिबुल गनीने मिझोरामविरुद्ध थेट ३४१ काढून सगळ्यांना मागे टाकलं. शाळेत असताना सचिन आणि विनोद कांबळीची ६६४ ची भागीदारी चालू होती, तेव्हा पॅड बांधून पुढचा बॅट्समन म्हणून बसलेला मुलगा हाच. बसूनच राहिला. पुढेही तसंच. अकरा हजारांवर फर्स्ट क्लास धावा, ३० शतकं, आणि भारताकडून शून्य सामने. मधल्या फळीत द्रविड, गांगुली, सचिन, लक्ष्मण असताना जागा रिकामी व्हायची तरी कुठून? २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुली वर्ल्ड कप जिंकल्या, तेव्हा त्यांचा हेड कोच कोण होता? अमोल मुझुमदार.

पृथ्वी शॉ. जानेवारी २०१७, रणजी सेमीफायनलमध्ये पदार्पण, शतक. दुलीप करंडकात पदार्पण, शतक. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला टेस्ट पदार्पण, १३४. तीन पायऱ्या, तीन शतकं. डिसेंबर २०२० नंतर टेस्ट नाही. २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातूनही बाहेर, २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडून खेळायला आला. त्याच्यावर नको तितकं लिहून झालंय, त्यामुळे मी आणखी भर घालत नाही. २०२५ मध्ये तो पंचविशीतच होता एवढंच लक्षात ठेवा.

आणि वसीम जाफर. १९९६-९७, त्याचा दुसराच फर्स्ट क्लास सामना, सौराष्ट्राविरुद्ध नाबाद ३१४. वय १८. त्यानंतर भारताकडून ३१ टेस्ट, रणजीत धावांचे डोंगर. आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर तो विदर्भात आला. इंदूरला विजयी फटका त्याचाच. पुढच्या मोसमात एक हजारावर धावा आणि दुसरा करंडक. पहिल्या वर्षी गाजलेला माणूस बावीस वर्षांनीही गाजत होता, आणि तेही आपल्या गावाकडून.

तिकडे, बेसबॉलमध्ये

अमेरिकेत पहिल्या वर्षाला स्वतंत्र बक्षीसच आहे. मेजर लीग बेसबॉलमध्ये दरवर्षी सर्वोत्तम नवखा खेळाडू निवडतात. पहिला मान १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनला. ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळायला उतरला तेव्हा तो २८ वर्षांचा होता. इतक्या उशिरा नवखा का? कारण त्याआधी जवळपास साठ वर्षं कृष्णवर्णीय खेळाडूंना त्या लीगमध्ये प्रवेशच नव्हता. खेळता येत नव्हतं म्हणून नाही, दार बंद होतं म्हणून. १९८७ पासून त्या बक्षिसालाच त्याचं नाव आहे. कोणाचं पहिलं वर्ष कधी येतं हे गुणवत्ता एकटी ठरवत नाही, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. वलनीच्या पोट्ट्याला लेदर बॉल विसाव्या वर्षी मिळाला, हे त्याचंच फार सौम्य रूप.

इचिरो सुझुकीने २००१ मध्ये हा मान मिळवला, आणि त्याच वर्षी लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडूही तोच. गंमत म्हणजे त्याआधी तो जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये नऊ मोसम खेळून आला होता. नियमाने मात्र नवखा!

आणि मार्क फिड्रिच. १९७६, डेट्रॉइट टायगर्सचा पिचर. कुरळे केस, गुडघ्यावर बसून हाताने माती सारखी करायचा, चेंडूशी बोलायचा. त्या वर्षी १९ सामने जिंकले. लोक त्याची पिचिंग असेल त्या दिवशी स्टेडियमला गर्दी करायचे. पुढच्या वर्षी आधी गुडघा गेला, मग खांदा. उरलेल्या सगळ्या करिअरमध्ये मिळून त्याने फक्त दहा सामने जिंकले. पहिल्या वर्षी त्याने २४ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच टाकले होते. एकविशीतल्या हाताकडून एवढं काम करून घ्यायला नको होतं, हे आज कोणताही फिजिओ सांगेल.

दुसरं वर्ष अवघड का?

एक कारण अगदी साधं, गणिताचं. पहिल्या वर्षी जे गाजतात, त्यांच्यात गुण असतोच, पण थोडं नशीबही साथ देतं. २० वर असताना स्लिपमध्ये सुटलेला कॅच, बॅटची कड लागूनही न ऐकलेलं अपील. नशीब दुसऱ्या वर्षी आपल्या सरासरीवर परत येतं. खेळाडू वाईट झालेला नसतो. स्टॅटिस्टिक्स घेतलेल्यांना हे दुसऱ्या सेमिस्टरलाच शिकवलेलं असतं, फक्त आपल्या टीमच्या बाबतीत कोणाला ते आठवत नाही.

दुसरं, व्हिडिओ. आता रणजी संघांसोबत अॅनालिस्ट असतात. पहिल्या वर्षी समोरच्या टीमकडे तुमचं काहीच नसतं. दुसऱ्या वर्षी तुम्ही खेळलेल्या प्रत्येक चेंडूचा हिशोब असतो. कुठल्या लांबीवर ड्राइव्ह हवेत जातो, स्पिनरला पहिल्या दहा चेंडूंत काय करता, सगळं. मग चौथ्या स्टंपच्या रेषेवर तोच चेंडू चाळीस वेळा येतो. शेवटी तुम्ही कंटाळून हात घालेपर्यंत.

आणि तिसरं कारण संत्र्याच्या बागायतदाराला विचारा. बहार घ्यायचा असेल तर झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे काही आठवडे पाणी तोडायचं. ताणाशिवाय फुलोरा धड येत नाही. पण कोवळ्या झाडावर पहिल्याच वर्षी भरमसाट फळ ठेवलं की पुढच्या वर्षी ते झाड रुसतं. म्हणून शहाणा शेतकरी सुरुवातीला फळ मर्यादितच ठेवतो. आपण पहिल्या मोसमात गाजलेल्या पोराला लगेच आयपीएलच्या ट्रायल, सत्कार, रील्स आणि उद्घाटनाच्या फिती, सगळं एकदम लावतो.

दानिशने फायनलनंतर सहा महिन्यांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, दुलीप करंडकात मध्य विभागाकडून पदार्पणातच नॉर्थ-ईस्ट विभागाविरुद्ध २०३ काढले. समोरची बॉलिंग केरळइतकी तिखट नव्हती हे खरं. पण सत्कारांचा उन्हाळा आणि पावसाळा संपल्यावर पहिल्यांदा मोठ्या सामन्याला उतरून इतका वेळ क्रीजवर राहायची भूक शिल्लक असणं, मला ती २०३ पेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

फैज

एक नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलंय.

डिसेंबर २००३. विदर्भ विरुद्ध जम्मू-काश्मीर, नागपूर. १८ वर्षांचा एक डावखुरा ओपनर पदार्पण करतो आणि १५१ काढतो. फैज फझल. तेव्हा विदर्भाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. जिंकलो तर बातमी चार ओळींची, हरलो तर तीही नाही. पदार्पणात दीडशे करूनही त्याला भारताची कॅप मिळाली ती २०१६ मध्ये, तिशीत, हरारेला. त्या वन-डेत तो नाबाद ५५ राहिला. त्यानंतर पुन्हा कधी भारताकडून खेळला नाही. एक सामना, एक अर्धशतक, हिशोब बंद.

पण विदर्भाकडून तो खेळतच राहिला. २०१७-१८ मध्ये कॅप्टन म्हणून ९१२ धावा आणि विदर्भाचा पहिला रणजी करंडक. पुढच्या वर्षी दुसरा. म्हणजे गाजलेल्या पदार्पणानंतर चौदा वर्षं, ज्यात कधी फॉर्म गेला, कधी दुसऱ्या राज्याकडे जावं लागलं, आणि परत यावं लागलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये, वीस वर्षांपूर्वी जिथे सुरुवात केली होती त्याच नागपुरात, फैज शेवटचा सामना खेळला. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये नऊ हजारांवर धावा मागे ठेवून तो गेला. विदर्भाच्या वरच्या फळीत जागा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, कळमन्यात आंबियाच्या पहिल्या गाड्या लागायच्या सुमारास, दानिश मालेवार पहिल्यांदा रणजी खेळायला उतरला.